चार नंबरचं बनियन

आमच्या समोरच्या दारावर पितळेची पाटी आहे आणि तिच्यावर नावाच्या आधी 'डॉ.' असं कोरलेलं आहे. या एका अक्षरापायी पहिल्या दोन वर्षांत पाच जण तरी ताप-खोकला घेऊन त्या दारात उभे राहिले. त्यातला एक मी पाठवला होता, हे आता सांगायला हरकत नाही. तिसऱ्या मजल्यावर नवीनच राहायला आलेला माणूस, घसा बसलेला, जवळपास कोणी डॉक्टर आहे का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "हे काय, समोरच. हाताला गुण आहे त्यांच्या." बाईंनी त्याला बसवलं, मीठ घालून कोमट पाणी दिलं आणि सांगितलं, "मी जमिनीची डॉक्टर आहे. घशात गवत उगवलं तर जरूर या." मग जिन्यात येऊन, माझ्या बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि ज्यांनी पाठवलं त्यांच्या डोक्यावर काही उगवेल, अशी आशा माझ्या शास्त्रालाही नाही."

माझं टक्कल तेव्हा नुकतंच पूर्ण झालं होतं. त्या दिवसापासून त्या माझ्या मातीवहिनी झाल्या आणि मी त्यांचा भाऊजी.

वहिनींचा नवरा घड्याळजी. कोपऱ्यावर त्याचं दोन माणसं मावतील एवढं दुकान आहे, आणि डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर चाकं बघत बसतो. बायको दिवसभर जमीन बघते. म्हणून त्या घरात दारात कोण आलंय हे बघायला कोणीच नसतं. आपणच आत जायचं आणि बसायचं. बसायला जागा मिळेल याची मात्र खात्री नाही. खुर्चीवर वर्तमानपत्रात दाबून ठेवलेलं गवत, सोफ्यावर मातीच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. एकदा त्यांच्या घरातून भाजल्याचा वास आला म्हणून माझी बायको आशेने बशी घेऊन गेली. ओव्हनमध्ये अॅल्युमिनियमच्या चौदा डब्या होत्या आणि डब्यांत चिखल. वाळवून किती हलका होतो ते बघायचं होतं, वहिनींच्या नोकरीच्या ठिकाणची भट्टी बिघडली होती. बायको बशी घेऊन परत आली आणि म्हणाली, "घड्याळजी जेवतो तरी काय, देव जाणे."

घड्याळजीच स्वयंपाक करतो आणि उत्तम करतो. पण ही बातमी मी बायकोला उशिरा सांगितली. तुलना माझ्या अंगावर आली असती.

शहराबाहेर कुरणांचं संशोधन केंद्र आहे, तिथे वहिनींची नोकरी. अठ्ठाविसाव्या वर्षी लागल्या, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: गुरं वर चरतात तेव्हा खाली जमिनीचं काय होतं? मी विचारलं होतं, "एवढ्यासाठी तीस वर्षं? गाय गवत खाते, शेण टाकते, पुढे जाते. मी अर्ध्या मिनिटात सांगितलं."

"पुढे जाते ना, तिथेच सगळं आहे," वहिनी म्हणाल्या. "पुढे गेली आणि दीड महिना परत आली नाही, तर जमीन जगते. दुसऱ्या दिवशी तिथेच परत आली, तर मरते."

मग त्यांनी मला खाली नेलं. इमारतीच्या मागे हिरवळीचा एक तुकडा आहे आणि त्यातून कपडे वाळत घालायच्या दोरीकडे जाणारी पायवाट. वहिनींकडे बूड काढलेला एक पत्र्याचा डबा असतो. तो त्यांनी हातोडीने हिरवळीत दोन बोटं ठोकला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं, आणि नवऱ्याने दुरुस्त केलेलं जुनं घड्याळ माझ्या हातात दिलं. चार मिनिटांत पाणी गडप. मग तोच डबा पायवाटेवर. पंचवीस मिनिटं झाली, पाणी आपलं जागच्या जागी, त्यात माझं टक्कल दिसतंय. वहिनी म्हणाल्या, "पायाखाली मरते ती अशी. गवत जेवढं वर असतं तेवढंच खाली असतं. वरून ओरबाडलं की खालची मुळं सोडून देतं बिचारं. परत वाढायला वेळ दिला नाही, तर मुळंही जातात, मुळांवर जगणारे किडेही जातात. मग जमीन अशी होते." आणि त्यांनी डब्यात बघितलं. म्हणजे माझ्या प्रतिबिंबाकडे.

अकरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन त्या गुराख्यांच्या मंडळाकडे गेल्या. डोंगराखाली मंडळाचं सामाईक कुरण आहे. सगळ्यांची गुरं वर्षभर सगळीकडे हिंडायची, आणि उन्हाळ्यात जमीन माझ्या डोक्यासारखी व्हायची. वहिनींनी अर्धं कुरण मागितलं. त्याचे तारेने भाग पाडायचे, एका भागात गुरं तीन दिवस, मग तो भाग दीड महिना बंद. उरलेलं अर्धं पूर्वीसारखंच मोकळं, म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतील. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या बाई आपल्याला गुरं चारायला शिकवणार म्हणून लोक पोट धरून हसले. पण मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, "करू द्या. नाहीतरी त्या बाजूला आता दगडच उरलेत."

दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी तारा कापल्या. केंद्रातले साहेब म्हणाले, तक्रार करा. वहिनींनी तक्रार केली नाही. कापलेल्या तारेपाशी जाऊन बसल्या आणि पहिला गुराखी आला त्याला विचारलं, "का कापली?" तो म्हणाला, "गुरं पाणी कुठे पिणार? टाकी पलीकडे आणि गुरं अलीकडे. बाई, तुम्ही कधी तहानलेल्या म्हशीला 'बंद आहे' असं सांगून बघितलंय का?"

वहिनींनी केंद्रातल्या टेबलावर नकाशा पसरून सरळ पट्टीने भाग पाडले होते. नकाशावर पाण्याची टाकी निळ्या ठिपक्याची होती आणि ठिपका एकाच भागात आला होता. हे त्यांनी मंडळासमोर उभं राहून सांगितलं, की चूक माझी आहे, नकाशाला तहान लागत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. मग तारा काढून पुन्हा घातल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या, म्हणजे टाकी मध्यभागी आणि प्रत्येक भागाचं एक टोक पाण्याला लागलेलं. त्यानंतर एकही तार कापली गेली नाही. तात्या त्यांना 'पोरी' म्हणायला लागले, ते तेव्हापासून.

अकरा वर्षं ते चाक फिरलं. वहिनींची कपाटं आकड्यांनी भरली. आणि या वर्षी मंडळात नवीन वारं आलं. तरण्या गुराख्यांचं म्हणणं, आता गुरं वाढलीत, बंद भागात गवत उभं दिसतंय आणि आम्ही तारेबाहेरून बघत बसायचं, हा कुठला न्याय? तारा काढा, सगळं मोकळं करा. त्यांच्यात पुढे होता तो एक उंच, लाल टोपीवाला. त्याचा आवाज असा, की गुरं त्याला घाबरून चरायची थांबत. बैठक ठरली. बैठकीत तारा काढायचा निर्णय झाला असता, तर अकरा वर्षांचं गवत अकरा दिवसांत संपलं असतं. आणि पुन्हा सुरुवात करायला वहिनींकडे नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं.

"आकडे दाखवा की त्यांना," मी म्हटलं.

"अकरा वर्षं दाखवतेय. आकडे बघून जांभई येते त्यांना. तुम्हालाही येते, भाऊजी, मी बघितलंय." मग म्हणाल्या, "मी बनियनं पुरणार आहे."

मला वाटलं, निवृत्तीचा धसका बसला. पण पद्धत खरी होती. सुती कापड जमिनीत पुरायचं आणि दोन महिन्यांनी उकरायचं. जमीन जिवंत असेल तर तिच्यातले जीव कापूस खाऊन टाकतात, मेलेली असेल तर कापड तसंच निघतं. सहा बनियनं तारेच्या फिरत्या भागात, सहा मोकळ्या भागात, प्रत्येकावर नंबराची झेंडी, आणि उकरायची मंडळाच्या लोकांनी, बैठकीच्या दिवशी, त्यांच्या स्वतःच्या कुदळीने. कुठलं आधी उकरायचं तेही त्यांनीच सांगायचं.

बारा जुनी बनियनं गोळा करायला वहिनी इमारतभर फिरल्या. हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक दारात उभ्या राहून त्या बनियनाचा एक धागा ओढायच्या, काडी पेटवून जाळायच्या आणि राख चिमटीत चुरडायच्या. कापूस जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. नायलॉन नाहीतर तसलं काही मिसळलेलं असेल, तर वितळून घट्ट मणी होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाची दोन्ही बनियनं नापास झाली. तो म्हणाला, "महागाची आहेत हो!" वहिनी म्हणाल्या, "असतील. जमिनीला किंमत कळत नाही."

आमच्या दारात आल्या तेव्हा मी बनियन तयार ठेवलं होतं. काखेत उसवलेलं आणि बायकोने लाल दोऱ्याने शिवलेलं, कारण पांढरा दोरा संपला होता आणि 'आत कोण बघतंय?' वहिनींनी धागा ओढायला हात पुढे केला.

"शंभर टक्के सुती," मी म्हटलं. "वीस वर्षांचा शेजार आहे, वहिनी. आता माझ्या बनियनाचीही परीक्षा घेणार?"

त्या हसल्या आणि काडी परत पेटीत ठेवली. तीस वर्षांत कोणाचंही पुराव्याशिवाय खरं न मानलेली बाई, त्या दिवशी मला शरमून पुढच्या दारात गेली.

खरं सांगायचं तर ते सुती आहे की काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मानेला टोचतात म्हणून मी आतल्या चिठ्ठ्या घरी आणल्याबरोबर कापून टाकतो. 'शंभर टक्के' हे मी कशालाही म्हणतो. ती माझी सवय आहे, आणि बायकोने त्यावर अनेकदा प्रवचन दिलेलं आहे.

दोन महिने गेले. बैठकीच्या सकाळी केंद्राची जीप बंद पडली म्हणून वहिनींना मी माझ्या गाडीतून घेऊन गेलो. मांडीवर वही आणि वहीवर तीन वेळा टोक केलेली पेन्सिल.

कुरणाच्या मध्ये, टाकीपाशी चाळीसेक माणसं जमली होती. आधी मोकळ्या भागातली सहा उकरली. मातकट, डागाळलेली, एक-दोन भोकं पडलेली, पण बनियनंच. लाल टोपीवाल्याने एक झटकून अंगाला लावून दाखवलं. लोक हसले.

"आता बंद भाग," तात्या म्हणाले. "कुठलं काढू, पोरी?"

"तुम्ही सांगा."

"चार नंबर," लाल टोपीवाला मध्येच म्हणाला.

चार नंबरच्या झेंडीपाशी कुदळ पडली. माती भुसभुशीत, काळी, कुदळ लोण्यात गेल्यासारखी गेली. लाल टोपीवाल्याने हात घातला आणि बाहेर ओढलं एक बनियन. अख्खं. खांद्याच्या पट्ट्या जागेवर, गळा गोल. पाण्यात खळबळलं असतं तर दुपारी घालता आलं असतं.

असं हसू मी क्वचित ऐकलंय. "बाई, तुमच्या जमिनीला भूक नाही वाटतं!" "अकरा वर्षं उपास घडला की हो तिला!" लाल टोपीवाला ते बनियन काठीला लावून झेंड्यासारखं नाचवायला लागला. "चला, झाली परीक्षा. घ्या मतं. तारा काढायच्या."

"पाच राहिलीत," वहिनी म्हणाल्या.

"पाच कशाला? एक खोटं ते सगळं खोटं."

तात्या वहिनींकडे वळले. "हे का नाही खाल्लं, पोरी?"

आता दुसरा कोणी असता तर ओल कमी पडली म्हणाला असता, खड्डा उथळ झाला म्हणाला असता. वहिनी त्या बनियनाकडे बघत म्हणाल्या, "माहीत नाही." आणि वहीत लिहायला लागल्या. मी शेजारीच उभा होतो. मला अक्षर दिसत होतं: नमुना चार, अखंड, कारण अज्ञात.

आणि काठीवर फडफडणाऱ्या त्या बनियनाच्या काखेत मला लाल टाके दिसले.

पहिला विचार काय आला ते लपवत नाही: अळीमिळी गुपचिळी. कोणाला कळणार होतं? बारा बनियनं, बारा घरं. वहिनींनी प्रत्येकाची काडी लावून खात्री केली होती, असंच सगळे धरून चालणार. त्याही तेच धरून चालल्या होत्या. दोन महिन्यांनी त्यांना आठवतही नव्हतं की एका दारात काडी पेटलीच नाही. त्या वहीत 'अज्ञात' लिहीत होत्या आणि चाळीस माणसांत त्या अज्ञाताला नावानिशी ओळखणारा मी एकटा.

"तात्या," मी म्हटलं, "ते बनियन माझं आहे."

हसण्याचा दुसरा पूर आला. पहिल्यापेक्षा मोठा. लाल टोपीवाला म्हणाला, "मग घ्या की, घाला!"

"त्याची परीक्षा झाली नव्हती," मी म्हटलं. "वहिनी धागा जाळणार होत्या. मीच सुती म्हणून छातीठोक सांगितलं आणि जाळू दिला नाही. ते कशाचं आहे, मला माहीत नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बघितलं, जशा त्या पत्र्याच्या डब्यातल्या न जिरणाऱ्या पाण्याकडे बघतात.

"शेजारी आणलाय पढवून," लाल टोपीवाला म्हणाला.

तात्यांनी काठीवरून बनियन काढून घेतलं. अंगठ्याने चोळलं. मग कमरेला गुंडाळलेली दोरी सोडली, गुरं बांधायची, निळ्या नायलॉनची, आणि तिचं टोक लाल टोपीवाल्यापुढे धरलं. "हे टोक असं गोळी होऊन का बसलंय?"

"सुटू नये म्हणून जाळतो आपण."

"सुताची दोरी जाळली तर होते अशी गोळी?"

"नाही. तिची राख होते."

"मग आण काडी. तूच लाव. नाहीतर म्हणशील, मलाही पढवलंय."

लाल टोपीवाल्याने बनियनाच्या कडेला काडी लावली. कड आक्रसली, काळी झाली, थेंबासारखी गोळा झाली. तात्यांनी निवू दिली आणि त्याच्याच तळहातावर ठेवली. त्याने नखाने दाबून बघितली. फुटेना. रोज हाताखालून जाणारी वस्तू होती ती त्याच्या.

"आता पाच काढा," तात्या म्हणाले.

पाच खड्डे उकरले, आणि कपडा म्हणावा असं काही निघालंच नाही. तळहाताएवढ्या चिंध्या, त्यांना गवताची मुळं गुंफलेली. एका खड्ड्यात तर नुसती शिवण, गळ्याचा आणि दोन हातांचा दोऱ्याचा सांगाडा, मधलं बनियन गायब. तात्यांनी तो सांगाडा उजेडात धरला. "दोरा तसलाच असणार, नायलॉनचा. तो ठेवला, बाकी खाल्लं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेजाऱ्याने फसवलं ते शिकलेल्या बाईला कळलं नाही. जमिनीला कळलं."

टोपी असती तर काढली असती.

मतं पडली. वहिनींनी पाच वर्षं मागितली होती, मंडळाने तीन दिली. लाल टोपीवाल्याने विरोधातच मत दिलं, पण एक अट घालून घेतली: तीन वर्षांनी पुन्हा उकरायचं, आणि तेव्हा बनियनं आम्ही आणणार, शहरातली नकोत. वहिनी म्हणाल्या, "मी निवृत्त झालेली असेन. पण येईन. आणि काडी मी लावणार, प्रत्येकाला."

"लावा की. माझ्यापासून सुरू करा," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी तीन वेळा घसा साफ केला. शेवटी म्हटलं, "वहिनी, चूक झाली माझी."

"अर्धी," त्या म्हणाल्या. "काडी मी परत ठेवली. कोणी सांगितलं म्हणून मोजमाप सोडायचं नसतं, हे मी तीस वर्षं हाताखालच्यांना शिकवतेय." मग वही उघडली, 'कारण अज्ञात' वर रेघ मारली आणि काहीतरी लिहिलं. मी गाडी चालवत होतो, दिसलं नाही. सिग्नलला थांबल्यावर मान लांब केली. लिहिलं होतं: नमुना चार, वगळला. कारण: शेजारी.

हा अहवाल पुढे केंद्रात गेला. साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून 'स्पष्टीकरण द्यावे' असा शेरा दिला. वहिनींनी मला दारात बोलावून दोन पानी जबाब लिहून घेतला, सहीसकट. त्यात बनियन कुठून घेतलं, कधी घेतलं, चिठ्ठी का कापली, सगळं आहे. माझं एकमेव शास्त्रीय लेखन. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "आत कोण बघतंय म्हणे. आता सरकार बघेल."

परवा त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला गेलो. वहिनी ओट्यापाशी मातीच्या डब्या तोलत होत्या, घड्याळजी कांदा चिरत होता.

"किती हवी?" वहिनींनी विचारलं.

"एक वाटी. उद्या परत करतो, शंभर टक्के."

घड्याळजीने मान वर न करता काड्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली.